लळिंगच्या डोंगराचं तोंड कुठे आहे?

मोहाडीकर | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. धुळ्याच्या मोहाडी उपनगरात राहायला येऊन आम्हाला आठ वर्षं झाली. गच्चीत उभं राहिलं की अवधानच्या कारखान्यांच्या पत्र्यांमागे लळिंगचा डोंगर दिसतो. इतक्या वर्षांत मी एकदाही वर गेलो नव्हतो. महामार्गावरून रोज गाडी जाते, मान वर करून बघतो आणि पुढे निघतो.

लेक सातवीत आहे. बाईंनी वर्गात सांगितलं की आपल्याकडचा सगळा काळा दगड ज्वालामुखीतून आलेला. पुस्तकात चित्र आहेच: शंकूसारखा डोंगर, वर वाटी, वाटीतून लाल रस उतू जातोय. घरी आल्या आल्या गच्चीत गेली आणि लळिंगकडे बोट दाखवून म्हणाली, "पप्पा, मग याचं तोंड कुठंय?" मला उत्तर आलं नाही. म्हटलं, रविवारी वर जाऊन बघू.

आज सकाळी साडेसहाला गावातल्या हेमाडपंती महादेवाला नमस्कार करून चढायला लागलो. थंडी चांगली होती. गवत वाळून पिवळं पडलंय, कुसळं मोज्यांतून आत जातात. निम्म्या वाटेवर लेक एका दगडापाशी बसली ती उठेचना. काळपट तपकिरी दगड, त्याला सगळीकडे वाटाण्याएवढी भोकं आणि प्रत्येक भोकात पांढरा दाणा गच्च बसलेला. लांबून राजगिऱ्याचा लाडू वाटावा असा. एक दाणा नखाने निघाला, तो उन्हात धरला तर चमकला. आणखी थोडं वर गेल्यावर दगड बदलला. तिथे भोक नाही, दाणा नाही, नुसता काळा घट्ट पाषाण.

वर पोचलो. पडकी तटबंदी, खडकात खोदलेली पाण्याची टाकी, देवीचं छोटं मंदिर. एका बाजूला सगळं धुळं पसरलेलं, खाली महामार्गावर ट्रकांची रांग. पण वाटी काही नाही. माथा सपाट. लेकीने टाक्यात वाकून पाहिलं, "हे असेल का?" म्हटलं, हे माणसाने खोदलंय. मग ती एका बुरुजावर गुमान बसून राहिली. खाली उतरताना एवढंच म्हणाली, "बाई चुकीचं सांगणार नाहीत. तोंड कुठेतरी असणारच."

जाणकारांनी सांगावं. लळिंग हा मृत ज्वालामुखी आहे का? असेल तर तोंड कुठे, आणि नसेल तर हा दगड आला कुठून? मला तिला खरं उत्तर द्यायचंय, वेळ मारून न्यायची नाहीये.

गडफिरस्ता | रविवार, रात्री १०:१५

दादा, आधी लेकीला शाबासकी. लळिंगला आलेले बहुतेक लोक तटबंदीवर फोटो काढून उतरतात, पायाखालचा दगड कुणी बघत नाही.

दगडाचं जाणकार सांगतील, मी किल्ल्याचं सांगतो. फिरोजशहा तुघलकाने १३७० मध्ये थाळनेर आणि करवंदचा मुलूख मलिक राजा फारुकीला दिला. तिथून खान्देशातल्या फारुकी घराण्याची सुरुवात झाली. १३९९ मध्ये मलिक राजा वारला तेव्हा लळिंग थोरल्या मुलाकडे, नसीरकडे आला आणि थाळनेर धाकट्याकडे. याच नसीरने पुढे असीरगड घेतला आणि बुऱ्हाणपूर वसवलं. म्हणजे बुऱ्हाणपूरच्या आधी खान्देशच्या राजकारणात या डोंगराला मोठं वजन होतं.

तुम्ही वाटेत दगड बदललेला पाहिलात ना, तेच टाकी खोदणाऱ्यांनीही पाहिलं होतं. टाकी नेहमी घट्ट पाषाणात असतात. भोकाच्या दगडात खोदलं तर पाणी झिरपून जातं. वीस-पंचवीस किल्ल्यांवर मी हे पाहिलंय.

आणि खाली लांडोर बंगल्यापाशी थांबला नसाल तर पुढच्या वेळी थांबा. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब तिथे मुक्कामाला होते. दर वर्षी ३१ जुलैला तिथे माणसांचा सागर लोटतो. पावसाळ्यात जवळच धबधबाही असतो.

अंजनसावली | रविवार, रात्री १०:३२

माझी आजी लळिंगच्या पलीकडच्या गावची. ती सांगायची की तिच्या लहानपणी डोंगर रात्रभर पेटलेला दिसायचा, लाल माळ घातल्यासारखा. आम्हाला वाटायचं ज्वालामुखीच. मोठेपणी कळलं, तो उन्हाळ्यातल्या गवताचा वणवा. तुमच्या लेकीला हे आवर्जून सांगा, कारण शाळेत कुणीतरी तिला "आमच्या आजीने पाहिलाय" असं सांगणारच.

खडकवेडी | सोमवार, सकाळी ७:०५

मी महाविद्यालयात भूशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहे. लेकीच्या प्रश्नाने रात्री झोप लागेना, म्हणून सविस्तर लिहिते.

लळिंग हा ज्वालामुखी नाही. पण तो ज्वालामुखीचाच दगड आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि गोंधळ इथेच होतो.

साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा आला तो एका डोंगराच्या तोंडातून आला नाही. जमीन भेगाळली. लांबच लांब, सरळ भेगा. त्यांतून पातळ लाव्हा वर येऊन घरभर सांडलेल्या पाण्यासारखा पसरला. थर निवाला, मग त्यावर दुसरा, मग तिसरा. असं कितीतरी वेळा झालं. दोन थरांमध्ये बराच काळ गेला असेल तर खालच्या थराच्या माथ्यावर माती तयार व्हायची. पुढचा लाव्हा आला की ती भाजून निघायची. घाटात रस्ता कापलेला असतो तिथे काळ्या दगडात लाल गेरूचा पट्टा दिसतो, तो हाच. सह्याद्रीत या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन या दगडाखाली आहे. याला दख्खन ट्रॅप म्हणतात. ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरून आला, कारण हे डोंगर लांबून पायऱ्यांसारखे दिसतात.

मग लळिंग एकटा उंच का? तो वर आलेला नाही, बाजूचं सगळं खाली गेलंय. लळिंगच्या माथ्याच्या उंचीवर एके काळी आजूबाजूलाही खडकच होता. नद्या-ओढ्यांनी तो कोरून वाहून नेला. कलिंगड खाऊन झाल्यावर मध्ये एखादी फोड उभी राहावी, तसा हा डोंगर राहिला. म्हणून माथा सपाट आहे आणि म्हणून वाटी नाही.

तिला सापडलेला राजगिऱ्याचा लाडू म्हणजे लाव्हाच्या एका थराचा वरचा भाग. लाव्हा निवताना त्यातले वायू बुडबुड्यांनी वर येतात, थिजतात, भोकं राहतात. पुढे लाखो वर्षं त्यांतून पाणी झिरपलं आणि भोकांत खनिजं साठली. पांढरा चमकणारा दाणा बहुधा झिओलाइट असेल, काही वेळा क्वार्ट्झ असतं. विहिरी खोदणारे या दगडाला मांजऱ्या म्हणतात आणि त्यातल्या स्फटिकांना सरसकट गारगोटी. सिन्नरला याच नावाचं खनिजांचं संग्रहालय आहे, लेकीला एकदा न्याच. दाण्यांच्या वर तिला घट्ट पाषाण लागला तो त्यावरच्या पुढच्या थराचा गाभा. म्हणजे अर्ध्या तासाच्या चढात तिने लाव्हाचे दोन पूर ओलांडले.

आता तोंड. तिचं म्हणणं बरोबर आहे, तोंड असणारच. फक्त ते डोंगरावर शोधायचं नाही. दुपारी लिहिते, आता नातवाला शाळेत सोडायचंय.

देवपूरकर | सोमवार, सकाळी ९:५०

मॅडम, दुपारची वाट बघतोय. पन्नाशी आली, आजवर मी लळिंगला मृत ज्वालामुखीच समजत होतो आणि मुलांनाही तेच सांगितलं. आज संध्याकाळी दोघांना बसवून हे वाचून दाखवणार.

खडकवेडी | सोमवार, दुपारी २:२०

ज्या भेगांतून लाव्हा वर येत होता, त्यांचं शेवटी काय झालं? जोर संपला तेव्हा आतला रस भेगेतच थिजला. त्या दगडी पाचरीला आम्ही डाइक म्हणतो, मराठीत भित्तीखडक. भोवतालचा जुना लाव्हा कुजून मुरूम झाला, पावसाने धुऊन गेला. पाचर कठीण म्हणून उभी राहिली. धुळे-साक्री किंवा दोंडाईचा-नंदुरबार भागात शेतांमधून सरळ रेषेत जाणारी काळ्या दगडाची कणा वर काढलेली टेकाडं तुम्ही सर्वांनी पाहिली असतील. कुणीतरी बांध घालून अर्धवट सोडल्यासारखी. ती तोंडं आहेत. आपल्या ज्वालामुखीची.

नंदुरबार-धुळे पट्ट्यातल्या या डाइकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. एक किलोमीटरपेक्षा लांब अशा २१० डाइक, १४,५०० चौरस किलोमीटर भागात. जाडी ३ मीटरपासून ६२ मीटरपर्यंत. सर्वांत लांब डाइक ७९ किलोमीटर. बहुतेक सगळ्या ताठ उभ्या आणि जवळजवळ बरोब्बर पूर्व-पश्चिम. म्हणजे त्या काळात इथली जमीन उत्तर-दक्षिण ताणली जात होती. सगळ्याच भेगांतून लाव्हा वरपर्यंत पोचला असं नाही, काही वाटेतच थांबल्या. पण मोठ्या डाइकांनी मोठे पूर वर आणले असावेत असं अभ्यासकांना वाटतं.

७९ किलोमीटर म्हणजे किती, हे कळायला एक तुलना देते. १७८३ मध्ये आइसलंडमध्ये लाकीची भेग उघडली. लांबी २७ किलोमीटर. आठ महिने लाव्हा आणि विषारी वायू बाहेर पडत होते. गुरं मेली, दुष्काळ पडला, त्या देशातली पाचातली एक व्यक्ती तरी दगावली. आपल्या भागातली एकच डाइक त्याच्या जवळपास तिप्पट लांब आहे. आपण तिच्यावर एसटीने जातो.

डाइक जवळून बघायची असेल तर रस्त्याने किंवा ओढ्याने जिथे ती आडवी कापली आहे तिथे जा. कडेपासून मध्यापर्यंत बोट फिरवत जा. कडेचा दगड इतका बारीक कणांचा की नुसत्या डोळ्यांना कण दिसत नाही, कारण तो थंड खडकाला टेकून पटकन निवला. मध्याकडे जाल तसे कण मोठे होतात, भिंगातून चमकताना दिसतात, कारण तो भाग सावकाश निवला. आणखी एक खूण आहे. निवताना दगडाला तडे जातात ते थंड बाजूला काटकोनात. सपाट पसरलेल्या लाव्हात म्हणून उभे खांब होतात. डाइक मात्र दोन्ही बाजूंनी निवते, म्हणून तिचे खांब आडवे असतात. सरपण रचून ठेवल्यासारखे. लेकीला ही एक खूण सांगितलीत तरी ती आयुष्यात कुठेही डाइक ओळखेल.

शिंदखेड्याचा आप्पा | सोमवार, रात्री ८:१०

ताई, तुम्हनी गोट सोळा आणे खरी शे. आम्हना वावरमा अशी काया दगडनी भित शे. मन्हा बाप म्हणे, हिर खणनी व्हई ते भितना वरला अंगले खण, खालला अंगले नको. वरला अंगले पानी अडस.

पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून शुद्ध मराठीत लिहितो. आमची विहीर त्या भिंतीच्या चढाच्या बाजूला आहे, मार्चअखेरपर्यंत पाणी पुरतं. भावकीतल्या एकाने भिंतीच्या उताराच्या बाजूला खोदली. साठ फूट खाली गेला, मुरूम लागला, मांजऱ्या लागला, पाणी नावाला. कर्ज झालं ते वेगळंच. वडिलांना शाळेचा गंध नव्हता, पण भिंत जमिनीच्या आतही बांधासारखी खोल गेलीय हे त्यांना माहीत होतं. ताईंनी आज सांगितलं तेव्हा कळलं की ती भिंत म्हणजे ज्वालामुखीचं तोंड. माझ्या अंगावर काटा आला. मी लहानपणी त्याच भिंतीवर बसून गुरं राखली.

खडकवेडी | सोमवार, रात्री ८:४५

आप्पा, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार. घट्ट डाइक जमिनीखालून वाहणाऱ्या पाण्याला आडवी आली तर वरच्या अंगाला पाणी तुंबतं. हे आम्ही वर्गात नकाशे काढून शिकवायचो. एक भर घालते: काही डाइका खूप तडकलेल्या असतात, त्या पाणी अडवण्याऐवजी आपल्या अंगातून वाहून नेतात. म्हणून प्रत्येक भिंतीला एकच नियम लावू नये. आधी आसपासच्या विहिरी हिंडून पाहाव्यात, मग खर्च करावा.

केळीबाग | मंगळवार, सकाळी ६:३०

रावेरहून. एक शंका आहे. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे. आमच्याकडे म्हणतात की खाली ज्वालामुखी अजून धुमसतोय. खरं काय?

खडकवेडी | मंगळवार, सकाळी ८:००

नाही, धुमसत नाही. इथला लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षं झाली. सातपुड्याच्या पायथ्याने आणि तापीच्या खोऱ्यातून जमिनीत खोल मोठे तडे गेलेले आहेत. पावसाचं पाणी त्यांतून खूप खाली उतरतं. जमिनीत खोल जावं तसं तापमान वाढतंच, तिथे ते तापतं आणि दुसऱ्या वाटेने वर येतं. आज भारतात जागृत ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट.

उलट्या बाजूची चूक लोणारबाबत व्हायची. तिथे चक्क वाटी आहे, पावणेदोन किलोमीटरहून जास्त व्यासाची, म्हणून लोकांना ज्वालामुखीचं तोंड वाटे. पण ते उल्कापाताचं विवर आहे. प्रचंड आघातानेच तयार होणारी काच तिथल्या दगडात सापडली आणि तो प्रश्न सुटला. जिथे वाटी आहे तिथे ज्वालामुखी नाही, आणि जिथे ज्वालामुखी होता तिथे वाटी नाही. मुलांना हे फार आवडतं, वर्गात सांगितलं की डोळे मोठे होतात.

तुमच्या केळीला लागणारी काळी माती याच दगडाची, हेही सांगून ठेवते. डोंगर झिजला, नद्यांनी गाळ आणला, तापीकाठी साठला.

तापीकाठ ते अंधेरी | मंगळवार, रात्री ११:२०

मूळ भुसावळचा, वीस वर्षं अंधेरीत. धागा वाचून राहवलं नाही.

आमच्या इथे अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे. काळ्या बेसॉल्टचा, म्हणजे आपल्याच काळ्या दगडाचा, एकसंध उभा सुळका, ६१ मीटर म्हणजे दोनशे फूट, ताठ खांबांचा बनलेला. वय तेच, साडेसहा कोटींच्या आसपास. जगात असे सुळके मोजके, अमेरिकेतल्या डेव्हिल्स टॉवरशी त्याची तुलना करतात. वर गावदेवीचं मंदिर आणि छोटी बाग आहे. पायऱ्या चढून गेलं की चारी बाजूंना इमारती आणि झोपड्या अगदी खडकाला चिकटलेल्या. १९५२ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, तरी भोवती खाणकाम आणि बांधकाम चालूच राहिलं. भूशास्त्रज्ञांनी पाठपुरावा केला तेव्हा २००७ मध्ये महापालिकेने वारसा यादीत दुसरी श्रेणी दिली आणि आसपासचं खोदकाम थांबवलं. तोवर मूळ डोंगरापैकी सुळकाच काय तो उरला होता.

मी दर दसऱ्याला वर जातो. तिथे उभं राहिलं की भुसावळ आठवतं. अंधेरीला दगड वाचवायला उशीर झाला. धुळ्याला, नंदुरबारला अजून वेळ आहे, एवढंच मला मनापासून सांगायचंय. मोहाडी-अवधान आणखी दहा वर्षांत कुठवर पोचेल याचा विचार करा.

साक्रीकर | बुधवार, सकाळी १०:०५

वेळ आहे असं आमच्याकडे तरी वाटत नाही.

आमच्या गावामागे अशीच एक भिंत होती. पोळ्याला बैल धुऊन परत येताना आम्ही तिच्यावरून चालत यायचो. पाच वर्षांपूर्वी रस्त्याचं काम निघालं, खडी लागली, खडीयंत्र आलं. मुरमाचा डोंगर कोण फोडतो? कठीण दगड हवा, आणि सगळ्यांत कठीण दगड भिंतीचा. सुरुंग लागायचा तेव्हा घरातली भांडी मांडणीवरून खाली यायची. आज तिथे भिंतीच्या जागी लांब चर आहे, पावसाळ्यात त्यात पाणी साचतं, गुरं पडतात. बाकी दोन्ही बाजूंचा मुरूम तसाच. जिथून दगड वर आला होता त्याच भेगेतून माणसांनी तो उपसून काढला.

आम्हाला तेव्हा माहीतच नव्हतं ती काय आहे. माहीत असतं तर निदान तोंड उघडलं असतं.

कळण्याची भाकरी | बुधवार, दुपारी १२:४०

साक्रीकर, तुमचं दुःख समजतं. पण एक बाजू मीही मांडते. माझे वडील खडीयंत्रावर कामाला होते, त्या पगारावर आम्ही तिघी बहिणी शिकलो. धुळीने त्यांची छाती गेली, तरी ते म्हणायचे की दुष्काळात या दगडाने घर चालवलं. रस्ते आम्हालाही हवेत, दवाखान्यात वेळेवर पोचायला. दगड फोडूच नका असं म्हणून चालणार नाही. कुठला फोडायचा आणि कुठला ठेवायचा हे ठरवलं पाहिजे, आणि तिथे राबणाऱ्या माणसालाही ते ठरवताना विचारलं पाहिजे.

खडकवेडी | बुधवार, दुपारी ३:१५

कळण्याची भाकरी, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. पूर्ण पटला.

२१० डाइका आहेत. सगळ्या जशाच्या तशा ठेवा असं कुणी म्हणत नाही. पण दोन्ही कडा दिसतात, आडवे खांब स्पष्ट आहेत, रस्त्याच्या जवळ आहेत, मुलांना नेता येतं, अशा दहा-बारा जागा तरी निवडून सोडाव्यात. आणि आप्पांनी सांगितलं तशी जी भिंत विहिरींचं पाणी धरून आहे, ती तर पाण्यासाठीच सोडावी. ती फुटली तर नुकसान साडेसहा कोटी वर्षांचं नंतर, पुढच्या उन्हाळ्याचं आधी.

मार्ग आहे. गौण खनिजाच्या (खडी, मुरूम वगैरे) परवान्याचा विषय गावात येतो तेव्हा ठराव होतो, त्या सभेला जा. नंदुरबार जिल्ह्याचा बराच भाग आणि साक्रीचा पश्चिम भाग पेसा क्षेत्रात येतो, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखाली. तिथे १९९६ च्या कायद्याप्रमाणे ग्रामसभेची शिफारस घेतल्याशिवाय परवाना देता येत नाही. सभेत "दगड वाचवा" असं मोघम सांगू नका. अमुक गटातल्या भिंतीमुळे अमुक विहिरींना पाणी टिकतं, हे विहिरी मोजून, कागदावर लिहून सांगा. लोक ऐकतात. मी दोन गावांत पाहिलंय.

मोहाडीकर, तुम्हाला खाजगी निरोपात एक जागा कळवते. धुळ्याहून तासाभरावर आहे, रस्त्याने भिंत सरळ आडवी कापली आहे. जागा इथे उघड लिहीत नाही, कारण हातोडी घेऊन येणारे हौशी लोकही असतात.

अंजनसावली | बुधवार, संध्याकाळी ७:००

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. फेब्रुवारीनंतर अकराच्या पुढे उघड्या खडकावर थांबू नका. गेल्या वर्षी मी एप्रिलमध्ये एका गटाबरोबर लळिंगला गेले होते, एका काकूंना माथ्यावर भोवळ आली आणि आमच्याकडे तिघांत मिळून एक बाटली पाणी उरलं होतं. खाली आणेपर्यंत जिवात जीव नव्हता. माथ्यावर सावलीला झाड नाही म्हटलं तरी चालेल. आणि कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर अत्तर, धूर, मोठा आवाज काही नको, आल्या पावली मागे फिरा.

मोहाडीकर | पुढचा रविवार, रात्री ९:१०

जाऊन आलो. उशिरा लिहितोय, कारण लेक आत्ता झोपली.

ताईंनी सांगितलेल्या जागी आठच्या सुमारास पोचलो. लांबून काहीच विशेष नाही. हरभऱ्याच्या शेतामागे बुटकं टेकाड, त्यावर तरवड आणि दोन अंजनाची झाडं. रस्त्याच्या कापणीपाशी गाडी उभी केली. दोन्ही हातांना पिवळट मुरूम, बोटाने खरवडला तर भुगा होतो. मध्ये एकदम काळं. जिथे मुरूम संपतो आणि काळा दगड सुरू होतो ती रेघ सुरीने कापल्यासारखी. लेकीने मुरमावर एक हात आणि दगडावर दुसरा ठेवला. बराच वेळ तशीच उभी.

मग आडवे खांब दिसले. तिनेच आधी ओळखले. "पप्पा, सरपण!" खरंच तसंच, आमच्या गावी परसात आई रचून ठेवते तशी मोळीवर मोळी, प्रत्येक ओंडक्याचं तोंड मुरमाच्या बाजूला. टोकं पाच-सहा कोनांची. या कडेपासून त्या कडेपर्यंत तिने पावलं मोजली, तिची चौदा भरली. भिंग नेलं होतं. कडेच्या दगडात काहीच दिसेना, काळ्या पाटीसारखा गुळगुळीत. मध्यावर भिंग धरलं तर बारीक चकाकी, साखरेचे कण सांडल्यासारखी. एका कडेला मुरमाचा चार बोटं रुंद पट्टा विटेसारखा लालसर होता. ताई, तो भाजलेला का? फोटो पाठवतो.

एक म्हातारे बाबा बैलजोडी घेऊन जात होते, ते थांबले. काय बघताय विचारलं. लेकीने त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, भेग, लाव्हा, पाचर, मी मध्ये एक शब्द बोललो नाही. बाबांनी ऐकून घेतलं, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हणून तिथे नांगर मोडतो."

घरी येऊन तिने वहीत चित्र काढलंय. शंकू नाही. एक लांब सरळ रेघ, रेघेतून दोन्ही बाजूंना लाल रंग सांडलेला, आणि कोपऱ्यात छोटासा लळिंग, खाली "हा नंतर उरला" असं लिहिलेलं. उद्या बाईंना दाखवणार आहे.

आप्पा, पुढच्या रविवारी तुमच्या विहिरीवर यायचं म्हणतो. भिंतीच्या दोन्ही अंगांच्या विहिरींची पाण्याची पातळी दोरीने मोजू आणि कागदावर उतरवू, ताई म्हणाल्या तसं. साक्रीकर, तुम्हीही या. गाडीत दोन जागा आहेत, मोहाडीहून सकाळी सहाला निघू.

शिंदखेड्याचा आप्पा | रविवार, रात्री ९:३५

या भाऊ, पोरले नक्की लई या. दोरी मी देस. कळण्यानी भाकर आनि ठेचा करी ठेवस.